गुळव्याच्या हाताला चटका लागत नाही

छपराच्या मेढीला पाठ टेकली की केरबाला झोप यायला निमित्त लागत नाही. दुपारची भाकरी पोटात गेली आहे, पुढचं आधण काहिलीत चढलंय पण उकळी यायला अवकाश आहे. उसाच्या रसाचा तो गोड, घशाशी बसणारा वास गुऱ्हाळभर पसरलाय. काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी जैनू चिपाडं सारतोय. केरबा उजव्या हाताच्या बोटांत बिडी धरतो, दोन झुरके घेतो आणि म्हणतो, "जैनू, डोस्कं ठणकालंय गा सकाळधरनं. झोपतो जरा. उठलो की बरं वाटंल."

"झोप की. रस काय पळून जात न्हाई," जैनू म्हणतो.

डोकं ठणकतंय एवढंच असतं तर गोष्ट वेगळी होती. सकाळी पाण्याचा तांब्या हातातनं आपसूक निसटला. न्याहारीला घास तोंडाच्या कडेनं बाहेर आला, तेव्हा हौसा, त्याची बायको, हसून म्हणाली, "काय ल्हान पोरागत सांडालायसा!" आणि केरबाही हसला. पहिल्या आधणाला तर मजाच झाली. केरबा गुळव्या आहे. पाक झाला की नाही हे ठरवणारा माणूस. हात गार पाण्यात बुडवायचा, उकळत्या पाकातनं चिमूटभर उचलायचं, पुन्हा पाण्यात नेऊन त्याची गोळी वळायची. गोळी घट्ट वळली की काहील उतरवायची. हे सगळं पापणी लवायच्या आत करायचं असतं. आज केरबाचा हात पाकात जरा जास्तच रेंगाळला आणि त्याला काही म्हणजे काही वाटलं नाही. ते बघून जैनूनं शीळ घातली होती.

गुळव्याच्या हाताला चटका लागत नाही, असं या भागात म्हणतात. साफ खोटं आहे. चटका सगळ्यांनाच लागतो, गुळवे तो गिळायला शिकतात एवढंच. पण आज केरबाला गिळावाही लागला नाही, आणि गडी त्यावर खूश! थोड्या वेळानं हाताला पुन्हा जाण आली, त्याच हातानं त्यानं दुपारी भाकरी मोडली, म्हणजे मग विषयच संपला. माणूस आपल्या अंगावर आलेल्या संकटाचंही कौतुक करून घेतो, ते असं.

डोळा लागतो आणि कानाखाली जाळ निघतो.

केरबा डोळे उघडतो. समोर त्याचा थोरला भाऊ पिराजी उभा आहे. पिराजीला जाऊन कितीतरी हंगाम झाले. तोही गुळव्याच होता, ह्याच गुऱ्हाळावरचा. केरबाला हा धंदा त्यानंच शिकवला, आणि शिकवताना कधी बोटही लावलं नाही. पाक करपला तरी "असू दे, पुढच्या येळंला बघू" म्हणणारा माणूस.

"ऊठ," पिराजी म्हणतो.

"दादा? तू कवा आलास?"

"ऊठ म्हंतोय न्हवं!" आणि दुसरी बसते. पहिलीपेक्षा जोरात.

मेलेल्या माणसानं स्वप्नात काही दिलं तर घेऊ नये, बोलावलं तर जाऊ नये, हे केरबाला आईनं लहानपणीच सांगून ठेवलंय. पण मेलेल्यानं मारायलाच सुरुवात केली तर काय करायचं, हे त्या माउलीनं सांगितलेलं नाही. केरबा गाल चोळत उठतो. पिराजीच्या बंडीवर रक्त आहे, वाळून काळं पडलेलं, आणि त्या रक्तात बारीक करडी पिसं चिकटलीत. त्याचं अर्धं तोंड नेहमीसारखं आहे. अर्धं ओघळून खाली आलंय.

"हात वर कर. दोनी."

केरबा हात वर करतो. डावा वर राहतो. उजवा वर जातो आणि सावकाश, कुणी खाली दाबावा तसा, खाली येतो.

"वर!"

"केलाय की वर."

पिराजी घाण्याजवळचा एक ऊस उचलतो आणि त्या उतरत्या हातावर घालतो. ऊस मधोमध मोडतो, रसाचे शिंतोडे केरबाच्या तोंडावर उडतात. पिराजी दुसरा उचलतो. तोही मोडतो. तिसऱ्याला हाताचं कातडं फाटतं आणि रक्त वाहायला लागतं.

"दुकलं?"

"न्हाई."

"म्हणून तर मारालोय," पिराजी म्हणतो, आणि चौथा ऊस उचलतो.

केरबाला राग येतो. भाऊ असेल, थोरला असेल, मेलेला असेल, पण मार खाऊन घ्यायचा म्हणजे काय! तो पिराजीच्या अंगावर धावून जातो. उजवा पाय मागंच राहतो आणि तो तोंडावर आपटतो. तोंडात माती जाते. पिराजी त्याच्या मानेवर पाय देऊन उभा राहतो.

"बघ तिकडं."

केरबा मातीतनं मान वळवतो. गुऱ्हाळ तेच आहे, पण दिवस वेगळा आहे. काहिलीतनं काळा धूर निघतोय, पाक करपल्याचा कडू वास सुटलाय. काहिलीशेजारी दुसरा पिराजी उभा आहे, जिवंत, भेलकांडत. तो काहिलीकडं डावा हात करून काहीतरी सांगतोय. त्याला 'पाक उतरवा' म्हणायचंय हे कुणालाही कळावं. पण तोंडातनं निघतंय ते नुसतं "आआक, आआक."

"प्यालाय!" कोणीतरी ओरडतं. "भर दुपारी ढोसून आलाय भाड्या. अख्खं आधण जाळलं!"

दोघं जण त्याला धरतात. एक जण पट्टा काढतो. पट्टा पाठीवर वाजतो, मानेवर वाजतो, बकलानं भुवई फुटते. जिवंत पिराजी उजवा हात आडवा धरायला बघतो, पण हात वर येत नाही, म्हणून सगळा मार तोंडावर घेतो. मारणारे थांबून थांबून त्याच्या तोंडाजवळ नाक नेतात आणि पुन्हा मारतात.

केरबाला हे माहीत आहे. त्या हंगामात तो हुक्केरीकडं गुळावर गेला होता. सांगावा पोचून तो आला तेव्हा थेट सरणच बघायला मिळालं. काय घडलं ते त्याला नंतर जैनूनं सांगितलं, हुंदके देत. चुलवाणावर तेव्हाही जैनूच होता. पण ऐकणं निराळं आणि पट्ट्याचा आवाज कानांनी ऐकणं निराळं. केरबा ओरडतो, "सोडा त्येला! सोडा रं!" त्याचा आवाज त्याच्याच छातीत राहतो.

मानेवर पाय देऊन उभा असलेला पिराजी शांतपणे स्वतःला मार खाताना बघतोय. बाजारात दुसऱ्याचं जनावर बघावं तसं.

"बघ केरबा. तोंड वाकडं झालंय. डोळा मिटंना. हाय का कुणाचं ध्यान? समदी तोंड हुंगालीत. तोंडाकडं कोण बघंना."

तो पाय काढतो. केरबा उठून बसतो तर खाली माती नाही, शेणानं सारवलेली जमीन आहे. त्यांच्या घरचा गोठा. म्हशीच्या दाव्याजवळ घोंगड्यावर पिराजीला निजवलंय, आणि भोवती माणसं दाटीनं बसलीत, सगळी चांगली, मायेची माणसं. कुणीतरी पोत्यात हात घालतं आणि पारवा काढतं. फडफड. मान पिरगळून तोडली जाते, गरम रक्ताची धार पिराजीच्या लुळ्या हातावर धरतात आणि चोळतात. लकवा पारव्याच्या रक्तानं उतरतो, असं ती माणसं मानतात. अजूनही मानतात. दुसरा पारवा. तिसरा. मुंडकी गव्हाणीत पडतायत, डोळे उघडे. पिसं हवेत तरंगून केरबाच्या ओठांना चिकटतात. माणसं चोळतायत, घामाघूम होऊन चोळतायत, एकाला तर रडू कोसळलंय, पण तोही चोळायचा थांबत नाही.

"गाडी जुपा!" केरबा म्हणतो. "दवाखान्यात न्या!"

"त्यास्नी काय सांगालाईस?" पिराजी म्हणतो. "ती काय वैरी हाईत व्हय माजी? पिरमानं मारलं मला. थोडं पट्ट्यानं, थोडं पिरमानं." मग खाली बसून तो केरबाच्या कानाशी तोंड नेतो. "आणि थोडं मीच. सकाळी हाताला मुंग्या आल्त्या. म्हटलं, गुळव्याचा हात हाय, चालायचंच. डोळ्याम्होरं अंधारी आली. म्हटलं, धुराची आसंल. मार खाऊन घरी आलो, जीभ जड, तरी हातानं खूण केली. काय खूण केली सांगू?"

तो डावा तळवा गालाखाली धरतो आणि मान कलती करतो. झोपतो जरा.

केरबाच्या अंगावर काटा येतो. अर्ध्याच अंगावर येतो.

त्याला काही बोलायचं असतं, तेवढ्यात पिराजी त्याचे केस मुठीत पकडतो आणि फरफटत ओढत नेतो. म्हशीच्या पायांतनं, उंबऱ्यावरनं, मेलेल्या पारव्यांवरनं, आणि उंबऱ्यापलीकडं पुन्हा काहील आहे. पाक खदखदतोय. सोन्यासारखा, ऐन रंगात आलेला. पिराजी केरबाचा उजवा हात मनगटात धरतो आणि कोपरापर्यंत पाकात दाबतो.

केरबा किंचाळायला तोंड उघडतो. पण दुखतच नाही. हाताभोवती बुडबुडे फुटतायत, कातडं पांढरं पडतंय, सुटतंय, आणि त्याला काही नाही. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. इतकं होऊनही केरबाच्या मनात क्षणभर जुना तोरा येतो. "बगितलास दादा?" तो म्हणतो. "गुळव्याचा हात!" आणि हसतो.

"हस. आजून हस," पिराजी त्याची मान काहिलीवर वाकवतो. "आणि खाली बघ."

पाक आरशासारखा स्थिर झालाय. त्यात केरबाचं तोंड दिसतं. अर्धं हसतंय. अर्धं लोंबतंय. ओठाच्या कोपऱ्यातनं लाळेची तार सुटलीय. पिराजीच्या तोंडाशेजारी त्याचं तोंड, दोन सख्खी वाकडी तोंडं.

"नाव सांग तुजं."

"के..." केरबा म्हणतो. "के... ए..." नाव त्याला माहीत आहे. समोर दिसतंय. आयुष्यभर वापरलंय. ते तोंडापर्यंत येतं आणि तिथं चिकटून बसतं. आता मात्र केरबा घाबरतो. गुळव्याचा हात गेला तर उद्या दुसरा गुळव्या मिळेल मालकाला. पण हौसाला हाक कशी मारायची? तिला काय काय सांगायचं राहिलंय, आणि ते सांगायला जीभच नसली तर?

काहिलीच्या पलीकडं घोंगडं अंथरलंय. मऊ, गार, सावलीतलं. त्याच्याकडं बघितल्याबरोबर केरबाचे डोळे जड होतात. सगळी भीती उतरते. इतकं निवांत त्याला कधी वाटलं नव्हतं.

"दादा," तो म्हणतो, आणि नवल म्हणजे हे शब्द नीट येतात, "झोपू दे की जरा. तुज्याजवळ."

पिराजीच्या चांगल्या डोळ्यात पाणी येतं. मग तो घोंगडं उचलतो, दातांनी धरून उभं फाडतो आणि चुलवाणात कोंबतो. ते चिपाडासारखं भडकतं. तो वळतो आणि कपाळानं केरबाच्या कपाळावर धडक मारतो. डोळ्यांसमोर काजवे चमकतात. पुन्हा मारतो. दोघांचं रक्त एक होऊन नाकावरनं ओघळतं.

"माज्याजवळ जागा न्हाई!" तो ओरडतो. "ऐकालाईस? जागा न्हाई! उठल्यावर तुला बोलता येनार न्हाई. माज्यागत. मग काय करशील?"

"काय करू?"

"डावा हाय की आजून."

एवढं बोलून पिराजी त्याला छातीवर लाथ घालतो. केरबा मागं कोलमडतो. मागं चुलवाणाचं तोंड उघडं आहे, लालभडक. तो आत पडतो आणि जळक्या मांसाचा वास येतो.

तो वास स्वप्नातला नाही.

केरबा मेढीला टेकून बसलाय. ऊन तसंच आहे, काहिलीत उकळी फुटायला लागलीय. बिडी ओढली नाही तर विझते, पण चुलवाणाच्या झोतानं ही धुमसत राहिली आणि शेवटपर्यंत जळत त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांमध्ये पोचली. तिथलं कातडं काळं पडून फाटलंय, कडेला पांढरा फोड आलाय, आणि राखेचा ठिपका अजून लाल आहे. केरबा बघत राहतो. बोटं त्याचीच आहेत. दुखत नाही.

तो हात झटकायला जातो. हात हलत नाही. "जैनू," असं तो म्हणतो. कानावर येतं, "यैऊ, ऐऊ."

जैनू वळून बघतो आणि दात काढतो. "आयला! बोट भाजलं तरी निवांत! गुळव्याचा हात म्हंजे..." मग त्याला तो आवाज नवखा वाटतो. हातातलं चिपाड टाकून तो जवळ येतो. "काय गा केरबा, दुपारीच टाकलीस व्हय?"

आणि तो खाली वाकतो, नाक पुढं करून केरबाचं तोंड हुंगायला.

केरबाचा डावा हात उठतो. त्यानं आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही, डाव्यानं तर कधी काही केलं नाही. पण तो हात सगळ्या अंगाची उरलेली ताकद घेऊन येतो आणि जैनूच्या गालावर असा बसतो की जैनू उताणा पडतो. त्याची टोपी चुलवाणाशी जाऊन पडते. तो शिवी हासडत उठतो. जाळ सारायची लांब सळई त्याच्या हाताशी आहे. ती त्यानं उचललेलीही आहे. मारणार, इतक्यात त्याची नजर केरबाच्या तोंडावर जाते.

नाकाकडं नाही, वासाकडं नाही. तोंडाकडं.

सळई हातातनं पडते. "पिराजी," जैनू म्हणतो. "या अल्ला. पिराजीच हाय ह्यो."

हौसा चिपाडं वाळत घालत होती, ती धावत येते. "अवो, काय झालं? पडा, पडा जरा, मी त्याल चोळते."

"पडायचं न्हाई!" जैनू असा ओरडतो की घाणा चालवणारेही थांबतात. "त्याल न्हाई, पारवा न्हाई, पाणीसुदीक पाजू नगंस! गाडी! मालक, गाडी काढा!"

मालकाच्या टेम्पोत गुळाच्या ढेपा भरलेल्या आहेत, बाजारात न्यायच्या. जैनू विचारत नाही. तो ढेपा उचलून खाली फेकतो, एकीवर एक, त्या फुटतात, मातीत गडगडत जातात. "आरं, आधण चढलंय," मालक म्हणतात. "पाक कोण बघनार?"

"जळू दे!" जैनू म्हणतो. "त्या दिशी एक जळालं म्हणून माणूस मारला. आज माणूस राखू आणि ह्ये जळू दे."

मालक काहिलीकडं बघतात. मग ते स्वतःच एक ढेप उचलून खाली टाकतात.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आधी एकच गोष्ट विचारतात. हा माणूस शेवटचा धडधाकट कधी होता? हौसाला सांगता येत नाही, ती नुसती रडते. जैनू पुढं होतो. त्याच्या गालावर पाच बोटं उठलेली आहेत. तो केरबाचा हात उचलून दाखवतो.

"ही बिडी पेटवली तवा चांगला बोलत हुता, बाई. माज्यासंगंच बोलला. बिडी सरायच्या आत ह्यो असा झाला, आणि आमी सरळ हितं आलो."

बाई त्या भाजक्या बोटांकडं बघतात, मग घड्याळाकडं. डोक्याचा फोटो तातडीनं काढून घेतात. डोक्याच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली आहे, फुटलेलं काही नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला अजून वेळ हातात आहे. हाताच्या शिरेत सुई जाते. सकाळचा तांब्या आणि तोंडातनं पडलेला घास यांची हकीगत ऐकून बाई चिडतात. "हात बरा झाला म्हणून काय झालं? ती पहिली हाक होती. तेव्हाच निघायचं."

जैनूला सकाळची स्वतःची शीळ आठवते.

पुढचे दिवस कुणाचेच बरे जात नाहीत. केरबाचा उजवा पाय आधी हलतो, मग कोपर. तोंड थोडं सरळ होतं. जीभ शब्द शोधत राहते. हात पूर्वीसारखा होईल की नाही, हे बाई सांगत नाहीत, आणि पाकातली गोळी वळायची गोष्ट तर कुणी काढतच नाही. हौसा उशाशी बसून त्याच्या बोटांना मलम लावते, रोज. तो तिच्याकडं बघत राहतो.

एका सकाळी ती अशीच मलम लावत असताना केरबा एकदम हात मागं ओढतो. उजवा हात. जोरात. हौसा दचकते, मलमाची डबी खाली पडते.

केरबाचे डोळे मोठे झालेत. तो त्या दोन बोटांकडं बघतोय, बिडीनं जाळलेल्या, आणि त्याच्या कपाळावर घाम फुटलाय. ओठ हलतात, थांबतात, पुन्हा हलतात. दारात उभा असलेला जैनू दोन पावलं आत येतो.

"दु... दुका... लंय," केरबा म्हणतो.

हौसा तोंडाला पदर लावते आणि मोठ्यानं रडते. तो मात्र थांबत नाही. हा शब्द त्याला सापडलाय आणि तो सोडायला तयार नाही. डोळ्यांतनं पाणी वाहतंय, हात छातीशी कवटाळलाय, आणि केरबा गुळव्या, ज्याच्या हाताला म्हणे कधी चटका लागला नाही, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं सांगतोय.

"हौसा, दुकालंय. लई दुकालंय."